विमानतळ ते टेशनोबा

म्हसळ्याहून हरिहरेश्वराकडे जाताना आमच्या वाडीच्या तोंडाशी, आंब्याखाली, शेंदूर फासलेला एक धोंडा दिसेल. देवदर्शनाला निघालेले पर्यटक गाडीचा वेग कमी करून त्याला हात जोडतात. एकदोघांना तो नवसाला पावल्याचंही ऐकलंय. हा देव मी केला. त्याच्याइतका निरुपयोगी देव अख्ख्या रायगडात दुसरा नसेल.

लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षीची गोष्ट. सरकारी माणसं तिकाटण्यावर दुर्बीण ठेवून रानभर हिंडत होती. माणगावकडून इकडे समुद्राच्या अंगाला रेल्वे न्यायची, तिची मोजणी चाललेली. दुपारची उन्हाची ती आमच्या पडवीत टेकली. मी त्यांना तांदळाची भाकरी आणि सुकट वाढली. त्यातला एक जण बोटं चाटत म्हणाला, "वहिनी, तुमच्या दारातच टेशन होणार बघा."

भाकरी खाऊन माणूस काहीही बोलतो हे कळायचं माझं वय नव्हतं. वय होतं खरं तर, अक्कल नव्हती. त्यांनी लाल रंगाचा आकडा घालून रोवलेला दगड मी दुसऱ्या दिवशी धुतला, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि नारळ फोडला. फलाटावर सावली पाहिजे म्हणून शेजारी आंब्याची कोय पुरली. कोकमाचं सरबत विकायला कुठं बसायचं ती जागा झाडून ठेवली. आणि आता सांगायला हरकत नाही, आजूबाजूला कुणी नाही असं बघून हिरव्या पदराचं टोक हलवून गाडी सोडायचा सरावही केला. गाडी नव्हतीच, तरी मी ती नीट वेळेवर सोडत असे.

जाऊबाईंनी मला बघितलं. मग काय विचारता! "आमच्या धाकटीचा टेशनोबा," असं त्यांनी वाडीभर केलं. पण दर अमावास्येला नारळ फुटतोय म्हटल्यावर हसणाऱ्या बायकाच एकेक करून शेंदूर घेऊन यायला लागल्या. धोंड्याला शेंदूर लागला की आमच्याकडे पुढची चौकशी होत नाही. आकडा शेंदराखाली गेला. मोजणीवाले परत आले नाहीत. काही वर्षांनी शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरायला निघाली, तेव्हा गुरवानं तीही तिथं थांबवली. "देवानं देवाला भेटायला नको?" म्हणाला. तेव्हापासून दर शिमग्याला आमची देवी रेल्वेच्या दगडापुढे नाचते.

आमच्या ह्यांनी त्याला कधी हात जोडला नाही. "अगो, सर्वेचा धोंडा हाय तो," म्हणायचे. पण लेक झाली आणि चालायला लागली, तेव्हा तेच तिला घेऊन तिथं टेशन-टेशन खेळायचे. धोंड्यावर उभं राहून तोंडाशी हात धरायचे आणि, "माणगाव सोडून गाडी म्हसळ्याकडं निघालेली हाय हो! बायामाणसांनी डबे संभाळा!" अशी हाळी द्यायचे. पोर आंब्याची पानं तिकीट म्हणून द्यायची. एकदा पान न देता चढली तर ह्यांनी तिला डब्यातून खाली उतरवलं. पोरगी अर्धा दिवस रडली, बाप तिच्यापेक्षा जास्त.

ती लेक आता आखातातल्या एका शहरात दवाखान्यात नोकरीला आहे. तिकडची एक गोष्ट ती नेहमी सांगते. विमानातून उतरलं की सरकत्या जिन्यानं खाली यायचं, रेल्वे तिथंच उभी असते. सामान घेऊन बसायचं आणि घराजवळ उतरायचं. "आये, कुणाला विचारावं पन लागत न्हाय." मला ते देवळातल्या पोथीसारखं वाटायचं. ऐकायला गोड, आपल्याशी संबंध नाही.

मग आपल्याकडे पनवेलजवळ नवं विमानतळ झालं. आणि बघा, केस पांढरे झाले तरी हिरवा पदर हलवणारी ती बाई माझ्यातून गेली नव्हती. मी वाडीत सांगत सुटले. आता मुंबईला वळसा नाही. लेक सकाळी उतरेल, पनवेलला गाडीत बसेल, माणगावला उतरेल आणि दुपारच्या पानाला घरी. जाऊबाई आता नीट चालत नाहीत, पण जीभ चालते. म्हणाल्या, "विमानतळावरनं पनवेलला काय टेशनोबा नेनार हाय का?"

मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

दुपारच्या पानाचा हट्ट का, ते सांगायला हवं. ह्यांना विसरण्याचा आजार आहे. सकाळी डोकं लखलखीत असतं. गाईगुरांपासून कोर्टकचेरीपर्यंत सगळं आठवतं, माझं काय चुकलं तेही आठवतं. पण ऊन कललं की आतला दिवा बारीक व्हायला लागतो, एकेक माणूस पुसत जातं. दिवेलागणीला ते मलाच "आये" म्हणतात. ज्या सासूबाईंना मी आयुष्यभर घाबरले त्यांची जागा मला अशी बसल्या बसल्या मिळाली. माणगावचे डॉक्टर म्हणाले, ही सकाळही हळूहळू लहान होत जाणार. ते लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मी शिमग्याला येते. आबा मला वळखतायत तोवर येते." रजा मिळाली ती मोजकी. जायचा दिवस, यायचा दिवस आणि मधे एक रात्र.

शिमग्याच्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "आये, उतरले!" मी फोन ह्यांच्या कानाला लावला.

"कुठवर आलीस गो?"

"इथंच हाय आबा, पनवेलजवळ. आंघोळ करून ठेवा, आलेच."

ह्यांनी नवं धोतर नेसून घेतलं. स्वतः. दाढी केली. मी पुरणाला बसले. मला म्हणाले, "पयली पोळी तिची. झाकून ठेव."

पुढचं सगळं मला फोनवर कळत गेलं. विमानतळाच्या कुशीतून लोकल जाते म्हणे, पण ती उरणच्या अंगाला. आमच्याकडे यायची गाडी पनवेलला, आणि तिथवर जायला टॅक्सीच्या रांगेत उभं राहायचं. रांग सरकली, टॅक्सी मिळाली, आणि बंदराकडून येणाऱ्या कंटेनरांच्या मधोमध ती जी अडकली ती अडकलीच. लेक पनवेलच्या फलाटावर पळत पोचली तेव्हा कोकणात जाणाऱ्या गाडीचं शेपूट दिसत होतं. समुद्र ओलांडून आलेली पोर विमानतळ ते पनवेल एवढ्याशा तुकड्यासाठी गाडीला चुकली. पुढची गाडी होती संध्याकाळची, तीही शिमग्याला निघालेल्या लोकांनी दारापर्यंत भरलेली.

"मी भाड्यानं गाडी करते," ती म्हणाली.

"कर. हायवेनं ये. मोकळा असेल." हे मी म्हणाले. शिमग्याच्या दिवशी हायवे मोकळा असेल! मी नवी नवरी होते तेव्हासुद्धा इतकी खुळी नव्हते.

पेणहून फोन आला तेव्हा आवाज बरा होता. इंदापूरहून आला तेव्हा मागे नुसते भोंगे ऐकू येत होते. ह्यांचं जेवण मी लांबवत होते. भूक लागली असणार, पण हे पानावर बसेनात. "ती येऊ दे." पडवीत उन्हाची तिरीप उंबऱ्यापाशी आली की ह्यांचं डोकं थकायला लागतं, हे मला पाठ झालंय. त्या दिवशी मी तिरिपीकडे पाठ करून बसले. जसं काही मी बघितलं नाही तर ती सरकणार नाही.

"आये, मानगावच्या अलीकडं हाय. काय पन हलत न्हाय. आबा कसे हायत?"

"बरे हायत."

"बोलायला दे."

मी फोन दिला. ह्यांनी तो उलटा धरला, मग सरळ केला. "कोन बोलतंय?" पलीकडे ती काय बोलली मला ऐकू आलं नाही. हे म्हणाले, "व्हय व्हय. आमची मुलगी पन येनार हाय आज." आणि फोन मला परत दिला.

मी फोन कानाला लावला. तिकडे नुसते भोंगे.

ती म्हसळ्याचा घाट उतरली तेव्हा सूर्य खाडीवर टेकला होता. वाडीच्या तोंडापर्यंत गाडी आली आणि थांबली, कारण रस्त्यात पालखी होती. टेशनोबापुढे. ढोल जोरात, पोरं खांद्यावर पालखी नाचवताहेत, रस्ता माणसांनी गच्च. गाडीवाला भोंगा वाजवायला धजेना, देवाचं काम. मी ओट्यावरून बघत होते. तिच्या गाडीचे दिवे दिसत होते, पालखीचा गोंडा दिसत होता आणि दोघांच्या मधे तो माझा धोंडा. मी एका भाकरीच्या बोलण्यावर देव केला, आणि त्या देवानं माझ्याच लेकीची वाट शेवटच्या वळणावर धरली. हसावं की कपाळ बडवावं? त्या हिरव्या पदरवालीला समोर धरून दोन मुस्काटात द्याव्यात असं वाटलं.

लेक गाडी सोडून गर्दीतून वाट काढत आली. बॅग जाऊबाईंच्या अंगणातच टाकली. ह्यांच्या पायाशी बसली आणि "आबा," म्हणाली.

ह्यांनी घाईनं पाय आखडून घेतले. परकी बाई पाया पडायला लागली की आखडतात तसे. "बसा बाई, बसा. पालखीला आलात?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी खांबाकडे.

"व्हय," ती म्हणाली. "पालखीला आले."

"आमची मुलगी यायची हाय. विमानानं. तुमी त्याच रस्त्यानं आलात नव्हं? दिसली का कुठं?"

माझी लेक दवाखान्यात काम करते. रोज माणसांना वाईट बातम्या सांगणारी पोर ती. आवाज हलू न देता म्हणाली, "दिसली आबा. येतेय. रस्त्याला लय गर्दी हाय."

"मग थांबू या," हे म्हणाले. "आये, बाईंना वाढ."

आये म्हणजे मी. मी पानं घेतली. पुरणपोळ्यांचं ताट आणताना झाकून ठेवलेली पहिली पोळी मी लेकीच्या पानात वाढायला उचलली, तर ह्यांनी हात आडवा धरला. इतक्या सगळ्यांत तेवढं लक्षात होतं. "ती नको. ती तिची. पावनीला दुसरी दे."

तिनं दुसरी खाल्ली. सगळी खाल्ली, एक तुकडा टाकला नाही.

पालखी दारी आली. ओटी भरायचा मान माहेरवाशिणीचा, तो तिनं घेतला. हे कौतुकानं बघत होते. मला हळूच म्हणाले, "कुनाची हाय गो? चांगल्या घरची दिसते."

दुसऱ्या दिवशी तिचं परतीचं विमान दुपारनंतरचं होतं. विमानतळावर उतरवून देणारी गाडी माणगावला मिळती, तर ती ह्यांच्याबरोबर चहा पिऊन, सकाळच्या लखलखीत डोक्याशी पोटभर बोलून निघाली असती. पण रस्त्यावर कोण भरवसा ठेवणार? परतणाऱ्यांची गर्दी सुरू व्हायच्या आत निघा, असं गाडीवाल्यानं बजावलं होतं. कोंबडं आरवायच्या सुमाराला ती तयार झाली. हे गोळी घेऊन झोपले होते. ती उशाशी बसून राहिली.

मी म्हटलं, "उठवते त्यांना. सकाळचं वळखतात."

"नको आये." तिनं माझा हात धरला. "उठवलं आनि पुन्हा बाईच म्हनाले तर?"

बाहेर गाडीवाल्यानं भोंगा वाजवला. ती गेली. आंब्याखालून गाडी वळताना मी हात हलवायला उचलला. पदर हातात आला तो सोडून दिला.

हे ऊन वर आल्यावर उठले. तोंड धुतलं, स्वतः. मला नावानं हाक मारली. मग स्वयंपाकघरात गेले, फळीवरचं झाकण उचललं आणि उभे राहिले.

"पोळी तशीच? पोर आली न्हाय?"

आली होती, तुमच्या पायाशी बसली होती, तुमच्यासमोर जेवली, असं सांगितलं असतं तर सकाळच्या त्या स्वच्छ डोक्याला सगळं कळलं असतं. आपण कुणाला बाई म्हणालो तेही. दिवसाकाठी ह्यांच्याजवळ तेवढीच एक सकाळ असते. तिच्यात मी हे कसं ओतू?

"न्हाय आली," मी म्हटलं. "तिची गाडी चुकली."

ह्यांनी झाकण परत ठेवलं. माझ्याकडे बघितलं, अगदी पूर्वीसारखं, मी खुळेपणा केला की बघायचे तसं.

"कुठली गाडी, अगो? आपल्याकडं गाडी हाय कुठं?"