पेटीच्या आतला चुन्याचा टिळा

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधून रॅमच्या पट्ट्या चोरीला जाऊ लागल्या, तेव्हा सगळ्यात जास्त घाबरले ती मी. पट्ट्या माझ्या नव्हत्या. पण विभागप्रमुख सर वर्गात येऊन म्हणाले, "यापुढे तास संपला की लॅबला कुलूप." माझ्याकडे कॉम्प्युटर नाही. कुरखेड्याकडच्या आमच्या गावात, निदान मला माहीत असलेल्या घरांत, कोणाकडेच नाही. गडचिरोलीला शिकायला आल्यावर मी पहिल्यांदा माउस हातात धरला. त्यानंतर जे काही शिकले, ते तास संपल्यावर रिकाम्या लॅबमध्ये बसून. ते गेलं की माझं सगळंच गेलं.

म्हणून मी उभी राहिले. वर्गात मी कधी उभी राहत नाही.

"सर, कॉम्प्युटरची पेटी उघडली की आवाज होईल असं काही बसवलं तर?"

सगळे मागे वळून बघायला लागले. मला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं बोललो. पण कल्पना काही आकाशातून पडली नव्हती. धान मळून झालं की आमच्या खळ्यावर रास पडून असते. बाबा तिच्यावर राखेच्या रेघा ओढून घरी जेवायला येतात. कोणी ओंजळभर धान काढलं तरी रेघ मोडते आणि कळतं. मला तशीच रेघ हवी होती, फक्त ओरडणारी.

सरांनी मला खाली बसायला खुणावलं. मग त्यांच्या पुस्तकी मराठीत म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मुदत देतो. यंत्र कोणत्या पेटीत बसवलं ते कोणालाही सांगायचं नाही. मलाही नाही. आणि एकदा जरी खोटी घंटा वाजली, तर त्याच दिवसापासून कुलूप."

माझी मैत्रीण सिरोंच्याची. घरी तेलुगू, माझ्याशी मराठी, आणि घाबरली की दोन्ही एकदम. ती आणि मी कामाला लागलो. सेन्सर म्हणजे बोटाच्या पेराएवढी पट्टी. तिच्यावर दोन बारके दिवे. एक दिवा डोळ्यांना न दिसणारा उजेड फेकतो, दुसरा तो परत येतो का याची वाट बघतो. पेटीचं झाकण लागलेलं असेल तर उजेड त्यावर आपटून परत येतो. झाकण निघालं की उजेड परत येत नाही, आणि बझर वाजतो. सोबत सेल, म्हणजे कॉम्प्युटर बंद असला तरी चालेल. कागदावर इतकं सोपं होतं की मला हसू येत होतं.

खिडकीजवळच्या पहिल्या पेटीत सगळं बसवलं, झाकण लावलं, आणि ते वाजायला लागलं. उघडलं तरी वाजे, लावलं तरी वाजे.

"अय्यो! काऊन वाजून राह्यलं वो हे? झाकण तं लावलं नं!"

"मले काय माहीत!"

"त्याले झाकण दिसूनच नाई राह्यलं!"

ती वैतागून बोलली होती, पण झालं होतं अगदी तसंच. झाकण आतून काळं होतं. काळा रंग उजेड गिळून टाकत होता. पांढरं काहीतरी लावायला हवं होतं. लॅबचे शिपाई भाऊ दारात तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत उभे होते. माझी नजर त्यांच्या चुन्याच्या डबीवर गेली.

"भाऊ, थोडासा चुना देता का?"

त्यांचा घोटणारा हात थांबला. "पोरी, तू बी खर्रा खातेस?"

"मी नाई भाऊ. कॉम्प्युटर खाते."

भाऊंनी डबी पुढे केली. मी बोटाने झाकणाच्या आत एक टिकली लावली आणि वाळू दिली. झाकण लावलं. शांत. उघडलं. चीं! लावलं. शांत. आम्ही दोघी हात धरून टेबलाभोवती गोल गोल फिरलो. भाऊंना सगळं कळलंच, पण ते म्हणाले, "मी काईच नाई पाह्यलं."

पुढचे दिवस काही वाजलं नाही. चोर पण आला नाही. मी मात्र वर्गात बसल्या बसल्या कान टवकारून असायचे. बाहेर स्कूटरचा हॉर्न वाजला तरी दचकायचे.

मग खंडेनवमी आली. दसऱ्याला कॉलेज बंद, म्हणून नवमीलाच कॉम्प्युटरची पूजा. सरांनी आधीच बजावलं होतं, "हळदीकुंकू फक्त बाहेरून. आत एक कणही जाता कामा नये." आम्ही सगळे हॉलमध्ये झेंडूच्या माळा ओवत होतो. आणि कॉरिडॉरच्या टोकाकडून आलं, चीं चीं चीं!

सुई तशीच टाकून मी पळाले. पळताना जी प्रार्थना केली, ती सांगायला लाज वाटते. देवा, चोर असू दे. कसाही असू दे, पण असू दे. नुसतीच वाजली असेल तर आजपासून कुलूप. माझ्यामागे मैत्रीण, तिच्यामागे भाऊ हातात झाडू घेऊन.

दार ढकललं. खिडकीजवळ पहिल्या पेटीसमोर विभागप्रमुख सर गुडघ्यांवर बसले होते. एका हातात झाकण, दुसऱ्या हाताचं बोट कुंकवात बुडवलेलं, जमिनीवर पूजेची ताटली आणि स्क्रू ड्रायव्हर. पेटी किंचाळत होती.

"अरे बापा! बंद करा ना हे!" सर ओरडले. पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेली. "मले का माहीत, याच्यातच घंटी हाये म्हून!"

मी वायर ओढली. एकदम शांतता झाली. सरांनी आमच्याकडे पाहिलं, मग भाऊंच्या झाडूकडे.

"मूल गावात आमच्या बाबांची राइस मिल होती," ते हळू आवाजात म्हणाले. "नवमीला ते मशीन उघडून आतल्या दांड्याला कुंकू लावायचे. म्हणायचे, झाकणाले पुजून काय फायदा, काम तं आतला करते." मग त्यांना झाकण आठवलं. ते उलटं करून म्हणाले, "पण इथं आधीच कोणीतरी टिळा लावून गेलं आहे."

"चुना आहे सर," मी म्हणाले. "त्याच्यामुळेच यंत्राला झाकण दिसतं."

सरांनी चुन्याकडे पाहिलं, स्वतःच्या लाल बोटाकडे पाहिलं, आणि मग ते जे हसायला लागले, की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. भाऊ झाडू टाकून खाली बसले. मैत्रीण तेलुगूत हसत होती, म्हणजे मला तसं वाटलं. मी मात्र हसू शकत नव्हते.

"सर, ही घंटा खोटी धरायची का?"

सर एकदम गंभीर झाले. "पेटी उघडली होती?"

"हो सर."

"मग खोटी कशी?" ते उठले आणि किल्ली भाऊंच्या हातात दिली. "लॅब संध्याकाळपर्यंत उघडी ठेवा. आधीसारखी."

रॅमच्या पट्ट्या कोणी नेल्या, ते अजून कळलेलं नाही. घरी फोन केला तेव्हा बाबांनी पहिलं तेच विचारलं, "चोर गावला का?"

"नाई बाबा, सर गावले."

त्यांना नीट सांगेपर्यंत माझाच आवाज हसण्यात बुडून गेला. त्याआधी, सर लॅबमधून बाहेर पडल्यावर, मी झाकण लावून टाकलं होतं. लावण्यापूर्वी ताटलीतलं थोडं कुंकू त्या चुन्याच्या शेजारी लावलं. चुन्यावर नाही. यंत्राला झाकण दिसायला हवं होतं. मग वायर जोडली. सगळं शांत होतं. मी खुर्ची ओढली आणि कॉम्प्युटर चालू केला.