ओळखीचा वारा

धुळ्याच्या इतिहासात वाऱ्याला शिस्त लावण्याचा पद्धतशीर प्रयत्न एकाच माणसाने केला. त्यांची साधने म्हणजे सहा बांबू आणि बायकोचे जुने लुगडे. वाऱ्याने शिस्त लावून घेतली नाही. आम्हाला लागली, तीही बेताचीच.

त्यांना सगळे झेंडेनाना म्हणत. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षे झाली होती आणि नागरिकांना बंदूक चालवता आली पाहिजे असे सरकारला वाटू लागले होते. गावाबाहेर लळिंगच्या बाजूला चांदमारीचे मैदान आखले गेले आणि रायफल क्लब निघाला. मी कचेरीत कारकून होतो. आमचे साहेब क्लबात गेले, त्यामुळे अर्ध्या कचेरीत देशभक्ती जागी झाली. नानांची उमर कपाशीच्या जिनात गेली होती. सरकी वेगळी होताना उडणारा कापूस तीस वर्षे बघितलेला माणूस. क्लबाने त्यांना ठेवले ते निशाणाचे कागद चिकटवायला.

पहिल्या दिवशी माझ्या दहाही गोळ्या उजवीकडे, जरा खाली गेल्या. पॉइंट टू-टूची गोळी शेंगदाण्याएवढी. मी रायफलीला दोष दिला. आम्ही सगळे तेच करत होतो. नाना निशाणाजवळच्या खड्ड्यातून कागद घेऊन आले आणि भोके बोटाने दाखवत म्हणाले, "भाऊ, बंदूक चांगली शे. तू वाराले इचारं नही."

खड्ड्यात बसून त्यांनी एकट्याने शोध लावला होता. डावीकडून वारा आला की गोळी उजवीकडे जाते, हे कोणीही सांगेल; पण जाता जाता ती खालीही दबते, हे त्यांनी भोके मोजून ठरवले होते. मग त्यांनी मैदानाच्या कडेने सहा झेंडे लावले. कापड कोणते, यावर त्यांचे ठाम मत होते. आमचे सेक्रेटरी वकील होते आणि आपादमस्तक खादीत असत. त्यांनी झेंड्यांसाठी खादीचे ठाण देऊ केले. नानांनी ते चिमटीत धरून परत केले. "देशले चांगली शे. वाराले जड व्हस." वकीलसाहेब हे कधीही विसरले नाहीत.

नानांना हवे असे ते धुऊन धुऊन विरलेले लुगडे. त्यांच्या घरी गेलो की काकू तक्रार करत, "मन्हं लुगडं कव्हय फाटी, तेनीच वाट दखी राह्यनात ह्या." नाना शांतपणे चहा पीत. नवे लुगडे आणले की पदराला फुंकर मारून बघत आणि मान हलवत. अजून वेळ होता.

त्यांची खरी शिकवण दोन शब्दांची होती. वारा सतत बदलतो, तर त्याच्यामागे धावू नका. एक वारा निवडा, त्यात गोळी कुठे जाते ते बघा, आणि तोच परत येईपर्यंत थांबा. याला ते ओळखीचा वारा म्हणत. "अनोळखी वारामा घोडा दाबू नको, भाऊ. ओळखीना यऊ दे." शिवाय जवळचे झेंडे आधी बघायचे, कारण गोळी इथे ढकलली गेली की पुढे सगळा रस्ता ढकललेलीच राहते. स्वतः नानांना नेम अजिबात जमत नसे. बार होण्याआधीच त्यांचे डोळे मिटत.

पुढे जळगावच्या क्लबाशी सामना ठरला. मुंबईहून मोठे पाहुणे येणार होते. वकीलसाहेबांनी समितीत जाहीर केले, की हरलो तर पुण्याहून शिकलेला शिक्षक आणू आणि नानांना निरोप देऊ. ही बातमी नानांना मीच सांगितली. ते म्हणाले, "बरं." त्या दिवशी त्यांनी सहापैकी दोन झेंडे उलटे बांधले.

सामन्याच्या सकाळी मैदानात गेलो तर झेंडे पांढरेशुभ्र आणि फळीसारखे ताठ. पाहुण्यांचा मान म्हणून वकीलसाहेबांनी ते परटाकडे देऊन, खळ घालून, इस्त्री करून आणले होते. वारा होता, माझी टोपी उडत होती. झेंडे मात्र ढिम्म. नानांनी आधी माझी टोपी बघितली, मग झेंडे.

"ह्या झेंडा नहीत, पापड शेतस."

"हात लावू नका नाना," वकीलसाहेब म्हणाले. "आज प्रसंग काय आहे!"

पाहुण्यांचे भाषण सुरू झाले. नाना मैदानात उतरले आणि पहिल्या झेंड्यापाशी उभे राहून तो दोन्ही हातांनी कुस्करू लागले, लेकराचे अंग चोळावे तसे. पाहुण्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला असावा. नाना दुसऱ्या झेंड्याकडे गेले तेव्हा पाहुण्यांनी बोलणे थांबवून टाळ्या वाजवल्या. भाषण चार झेंड्यांपुरते चालले. निशाणाजवळचे दोन ताठच राहिले.

परत येताना नाना जळगावच्या कप्तानाजवळ थांबले. "आबा, शेवटला दोन झेंडा दखू नका. त्यास्ले खळ शे."

कप्तान हसून आपल्या माणसांना म्हणाला, "धुळाना माणूस आपले वारा शिकाडी राह्यना." मग ते सगळे त्याच दोन झेंड्यांकडे बघून, वारा पडला आहे असे समजून, गोळ्या मारत राहिले.

शेवटची गोळी माझी होती. वारा अनोळखी होता. वेळ संपत आली होती. मागून वकीलसाहेब दबक्या आवाजात म्हणत होते, "मारा हो, मारा." नानांना बोलायची परवानगी नव्हती. मी वळून बघितले नाही. पण त्यांचे डोळे मिटलेले असणार, हे मला माहीत होते. जवळचे चारही झेंडे अर्धे उचलले जाऊन डावीकडून एका लयीत हलू लागले, तेव्हा मी घोडा दाबला. आम्ही दोन गुणांनी जिंकलो.

त्यानंतर कचेरीत मी चौतीस वर्षे काढली. अनेक साहेब आले, अनेक कागदांवर तातडीचे असे लिहून आले. घाईने सही करायची वेळ आली की मी आधी खिडकीबाहेर बघत असे. त्याने माझी बढती लांबली, आणि दोन चौकश्याही टळल्या.

नानांची जागा राहिली. पाहुणे इतके खूश झाले, की त्यांनी मैदानाला तिन्ही बाजूंनी उंच भिंत मंजूर केली. नाना पुढे चार वर्षे, जाईपर्यंत, रोज सकाळी सहा झेंडे लावत आणि संध्याकाळी उतरवत. आत वारा येत नव्हता.