देवमाशाच्या पोटातली सुईण

दूर दक्षिण गोलार्धातल्या ईडन या देवमासे पकडणाऱ्यांच्या गावात किनाऱ्यावरची निम्मी माणसं टॅमसिन रोस्कलीच्या हातांत जन्मली होती. भांडण झालं की ती सरळ सुनवायची, "तुला मी पायाकडून ओढलंय, माझ्यापुढं नाक वर करू नकोस!" मग पुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

त्या हिवाळ्यात संधिवातानं तेच हात धरले. बोटं तळव्याकडे वळली ती वळलीच. चहाचा कप दोन मनगटांत पकडावा लागे. निलगिरीचं तेल झालं, गरम मिठाच्या पुरचुंड्या झाल्या, तांब्याचं कडं झालं, फरक शून्य. आणि लेक हेस्टरचे दिवस भरत आलेले. तिचं पहिलं मूल आडवं होतं, ते टॅमसिननं पोटावरून चाचपत, दाबत फिरवलं होतं. हेही आडवंच दिसत होतं. डॉक्टर घोड्यावरून दोन दिवसांच्या वाटेवर. टॅमसिन लेकीच्या पोटावर नुसत्या मुठी टेकवायची आणि स्वतःवरच चिडायची.

ऑगस्टात, तिकडच्या ऐन थंडीत, होड्यांनी एक देवमासा मारून ओढून आणला. चरबी कापणारा एबनर दारात हजर.

"मावशी, चल. मेलेल्या देवमाशाच्या पोटात बसलं की संधिवात सुटतो. ऊब आहे तोवर आत बसवतो."

"त्या घाणीत? काय खुळा का काय तू!"

"गेल्या साली म्हातारा लॉरी बसला, तो नाचत घरी गेला."

"लॉरी दोन घोट प्यायला तरी नाचतो."

हेस्टर चुलीपाशी उभी होती. "आई, जा ना," एवढंच ती म्हणाली. टॅमसिननं शाल मनगटांनी उचलली.

किनाऱ्यावर वासानं डोळ्यांतून पाणी आलं. एबनरनं लांब दांड्याच्या सुऱ्यानं देवमाशाच्या कुशीत भोक पाडलं आणि एका सोबत्याच्या मदतीनं तिला गळ्यापर्यंत आत सोडलं. शिव्या तिच्या ओठांवरच राहिल्या. बाहेर बोचरा वारा, आणि आत लापशीसारखी दाट ऊब. तिच्या घराच्या तुळईएवढी बरगडी पाठीला लागत होती. केवढा हा जीव! जन्मभर तिनं पोटातलं बाहेर काढलं होतं, आत कसं असतं ते आज कळत होतं. तिला भीती वाटली, आणि भीतीहून मोठं असं काहीतरी वाटलं, जे तिला देवळात कधी सापडलं नव्हतं.

"माफ कर गं बाई," ती त्या मादी देवमाशाला हळूच म्हणाली.

दुपारी बाहेर काढायची वेळ झाली, तर भोक आवळलेलं. एबनरनं तिच्या काखेत हात घातले.

"मावशी, जोर लाव!"

"गाढवा, ते मी म्हणायचं असतं!"

सुळकन ती बाहेर आली आणि वाळूवर आपटली. तोल सावरायला हात टेकला. उचलला, तेव्हा वाळूत पाच बोटांचा पंजा उमटला होता. दोघंही त्याच्याकडे बघत राहिले. एबनरनं टोपी काढली.

तिसऱ्या दिवशी सकाळी हेस्टरला कळा सुरू झाल्या.

"आई गं, काय वास मारतेस!"

"तोंडानं श्वास घे आणि गप पड."

पोटावर तिनं दोन्ही तळवे पसरले. बोटं ठणकत होती, पण त्यांना दिसत होतं: इथं डोकं, इथं पाठ. तिनं दाबलं, थांबली, पुन्हा दाबलं. आत ते बाळ सावकाश वळलं.

नाताळापर्यंत तिची बोटं पुन्हा मिटली, ती कायमची. पण त्या सकाळी उघड्या तळव्यांवर नात पडली, तिनं पहिला श्वास घेतला आणि त्या वासानं सणसणीत शिंकली.