कान तुटलेली बरणी

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे, पण हळहळ ऐकायची असेल तर इथेच थांबा.

दोन हजार आठ-नऊची गोष्ट. कापूरहोळला आमची मसाल्याची कंपनी. मी पॅकिंगवर देखरेख करायचे. शेठच्या मुलाने कंपनीचा ब्लॉग काढला आणि माझं मराठी बरं म्हणून मला टेबल-खुर्ची दिली. दर सोमवारी एक लेख. हळदीवर झाला, धण्यावर झाला, मसाल्याला पोरकिडे लागू नयेत म्हणून काय करावं तेही झालं. मग? दर आठवड्याला नवीन काय आणायचं?

मी कान उघडे ठेवले. लग्नात, दुकानात, एसटीत. यात चूक काय? लिहिणारं माणूस दुसरं काय करतं?

पॅकिंगमधली सुनंदा भाटघरची. एसटीत माझ्यासाठी जागा धरायची. तिने एकदा हसत हसत सांगितलं — वर्षाच्या मसाल्यासाठी वाळत घातलेल्या मिरच्या तिच्या आणि तिच्या जावेच्या, मंदाच्या, हयगयीने भिजल्या, बुरशी आली. सासूला सांगायची छाती कुणाची? दोघींनी आमच्याच कंपनीची पाकिटं फोडून सासूची कान तुटलेली बरणी भरली. आत्याबाई, म्हणजे सासू, चाखून म्हणाल्या, औंदा लई झ्याक उतरलाय. पुण्याच्या लेकीलाही पुड्या गेल्या, आईच्या हातच्या म्हणून. पुढच्या वर्षीही तेच. दोघी जावांचं हे गुपित, आणि आता माझं.

सोमवारी माझ्याकडे विषय नव्हता.

नाव बदललं, गाव बदललं. बरणीचा तुटलेला कान ठेवला. का ठेवला? कारण तो काढला तर उरते नुसती जाहिरात. त्या लेखाबद्दल मला आजही खंत नाही. चांगला होता.

पुण्याच्या लेकीने तो ऑफिसात वाचला. बरणी ओळखली. आईला फोन केला. आत्याबाईंनी बरणी अंगणात आपटली आणि दोन दिवस अन्नाला शिवल्या नाहीत.

इथवरचं कुणालाही सांगितलं असतं. लपवलं ते पुढचं.

जेवणाच्या सुट्टीत सुनंदा नळापाशी आली. आवाज चढवला नाही.

"ताई, म्या तुमास्नी सांगितलं व्हतं. तुमी लिवलं का?"

हो म्हणायला काय लागतं? एक अक्षर. मी म्हणाले, वाचकांचे किस्से ई-मेलने येतात, मी फक्त शुद्धलेखन बघते. तेवढ्यावर थांबले असते तर — नाही थांबले.

"मंदाच्या भावाचा भोरला इंटरनेट कॅफे आहे ना?"

मंदाचं मी काही सांगितलं नाही. फक्त विचारलं. सुनंदाने हात पुसले आणि गेली.

मला खुर्ची जाईल अशी भीती वाटली होती का? वाटली असेल. पण पॅकिंगमध्ये मी आधी उभी राहिले होतेच, पुन्हा राहिले असते.

दिवाळीच्या आत त्या घरात दोन चुली झाल्या. मंदा शपथा घेत होती म्हणे. कोण ऐकतं?

आणि मग पुन्हा सोमवार आला. एसटीत सुनंदा बोलली, आता माणसं थोडी, मोठं पाकीट फोडलं की मसाल्याचा वास उडून जातो. मी उतरले, टेबलाशी बसले आणि लिहिलं — लहान घराचा मसाला. त्याच्याइतका दुसरा कुठलाच लेख वाचला गेला नाही. शेठनी लहान पाकीट काढलं. ते सुनंदाच भरायची.

खुर्ची राहिली. सुनंदा एसटीत जागा धरत राहिली आणि मी तिथे बसत राहिले.

मंदा अजून भोरच्या बाजारात भेटते. सुनंदा दिसली की वाट बदलते. मला पाहून थांबते, पिशवी खाली ठेवते.

"बऱ्या हायसा न्हवं, ताई?"

मी म्हणते, बरी आहे. आणि बरी असते.