सारजाबाईंची गाडी आणि नवी कॉइल

यवतजवळच्या मळ्यात सारजाबाईंची जुनी पांढरी गाडी उभी असते, स्टिअरिंगलाच गिअर असलेली. सारजाबाई ती चालवायला शिकल्या तेव्हा गावाने तोंडात बोटं घातली होती. नवरा हौसराव सोसायटीच्या राजकारणात गुंतलेले, घरी सापडायचे नाहीत. मग शेवंतीच्या पाट्या बाजारात न्यायच्या कोणी? सारजाबाईंनी पदर खोचला आणि ऊस तुटलेल्या रानात गाडी फिरवून फिरवून हात बसवला. हौसराव गेले, साठी उलटली, तरी स्टिअरिंगमागची जागा त्यांनी सोडली नाही.

पण गाडी उन्हात दगा देऊ लागली. तापली की आचके द्यायची आणि रस्त्यातच बसायची. मुलाला, विश्वजीतला, तेवढंच हवं होतं. दारात त्याची नवी, उंच गाडी आणि शेजारी हे डबडं, म्हणून त्याला लाज वाटायची. आईला न विचारताच त्याने भंगारवाला ठरवून टाकला.

"आई, कुठं जायचं ते मला सांगत जा. मी सोडीन."

"तुला सवड असंल तवाच ना?"

दुखणं इथंच होतं. गाडी गेली की माहेरी जायचं तरी मुलाच्या तोंडाकडे बघत बसायचं. सारजाबाईंना ते मरणाहून वाईट वाटलं.

"भर दुपारी माहेरी जाते, तळेगाव ढमढेऱ्याला. तू शेजारी बस. वाटंत बंद पडली तर घाल भंगारात."

आणि त्या थेट पोपट मिस्त्रीकडे गेल्या. पोपट म्हणाला, "काकू, इंजिनाला ठिणगी देती ती कॉइल. ती तापली की ठिणगी मरतीया. जास्त ताकदीची टाकू, प्लगचा गॅपबी जरा वाढवतो. पण एक ध्यानात ठेवा. आता ओलं फडकं गुंडाळायचं न्हाई, वायरीत पाणी उतरलं तर ठिणगीच पडणार न्हाई."

आपल्याकडे उन्हाळ्यात जुन्या गाडीचं बॉनेट उघडा, कॉइलवर ओलं फडकं दिसणारच. सारजाबाईंनी सगळा जन्म तेच केलेलं. त्यांनी मान डोलावली खरी.

भर दुपारी मायलेक तळेगावच्या वाटेला लागले. नवी कॉइल पठ्ठी निघाली. भीमेचा पूल ओलांडला तरी गाडीने एक आचका दिला नाही. विश्वजीत मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. ऊन मात्र मी म्हणत होतं. पुलापलीकडे सारजाबाई पाणी प्यायला थांबल्या आणि तिथंच घात झाला. हाताला जडलेली सवय ती! सीटखालचं फडकं काढलं, बाटलीतलं उरलेलं पाणी त्यावर ओतलं आणि कॉइलला गुंडाळून मोकळ्या झाल्या. कॉइलमधून निघणाऱ्या जाड वायरीच्या तोंडात पाणी उतरलं. किल्ली फिरवली तर इंजिन नुसतंच कण्हलं.

विश्वजीत उतरला. "बघ. जीप बोलावतो, ओढून न्हेऊ. शब्द म्हंजी शब्द, आई."

सारजाबाई खाली उतरल्या. बॉनेट उघडताच फडकं दिसलं आणि त्यांना स्वतःचाच संताप आला. फडकं ओढून काढलं, दिलं काटेरी झुडपात भिरकावून. वायर उपटली, पदराने आत-बाहेर पुसली, फुंकली, तव्यासारख्या तापलेल्या टपावर सुकत घातली. सुकल्यावर पुन्हा जागेवर दाबून बसवली.

"शब्द गाडीचा दिला व्हता," त्या म्हणाल्या. "गाडी न्हाई चुकली, मी चुकले. भंगारात घालायचं तर मला घाल. हाय हिंमत?"

विश्वजीतच्या कानाशी जीपवाला हॅलो हॅलो करत होता. त्याने फोन कट केला. सारजाबाईंनी किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं.

तो आत बसला. गाडी मात्र हलेना.

"आता काय झालं?"

"त्या भंगारवाल्याला फोन लाव. येऊ नगं म्हणून सांग. माझ्यासमोर."

"घरी गेल्यावर लावतो की."

"मग बस इथंच."

इंजिन चालूच होतं. सारजाबाई समोर रस्त्याकडे बघत राहिल्या. अखेर विश्वजीतने फोन लावला आणि तोंड खिडकीकडे फिरवून पुटपुटला, "आईची गाडी हाय ती. विकायची न्हाई."

"मोठ्यानं," सारजाबाई म्हणाल्या.

तो मोठ्याने बोलला. मग त्यांनी गिअर टाकला.