सुभेदारांचा टेंपो

भाताच्या तुसाचा वास आला की मला सुभेदार आठवतात. पलटणीतून परतल्यावर त्यांनी कर्जतला भातगिरणी काढली. गिरणीचा टेंपो आजाऱ्यांना दवाखान्यात फुकट नेत असे.

पहिल्या बाळंतपणात मी अडले, तेव्हा ते स्वतः टेंपो घेऊन आमच्या गावी, पोशीरला आले. तुसाच्या पोत्यांवर मी कण्हत होते. "भिऊ नको गं पोरी, पोचलोच आपण," ते सारखे म्हणत होते.

दवाखान्याच्या दारात गिरणीतला माणूस धावत आला. "सुभेदार, वैनी गेल्या. ताप उतरलाच नाय. तुमची लय वाट बघितली."

सुभेदारांनी टेंपोचं दार घट्ट धरलं. म्हणाले, "आधी हिला आत न्या."

तेव्हा मला माझ्याच कळा होत्या; घरी बायको तापात असताना ते माझ्यासाठी आले होते, हे मागाहून उमगलं. दारावरचा तो हात आता दिसतो. मुलगा सुखरूप झाला. पण त्याला घेऊन सुभेदारांकडे जायचं धाडस मला कधीच झालं नाही.