सोनगडावरचा पाहुणा

संकट आले म्हणजे मनुष्याला प्रथम देव आठवतो, असे म्हटले जाते. माझ्या बाबतीत तसे घडले नाही. माझे थोरले बंधू घरातून नाहीसे झाले, त्या सकाळी मला प्रथम पोलीस चौकी आठवली, त्यानंतर ओळखीचे दोन वकील, त्यानंतर कचेरीतील एक हेडक्लार्क. देवाचा क्रमांक बराच खाली होता. खरे सांगावयाचे तर त्यालाही मी एक वरिष्ठ अधिकारीच समजत होतो. योग्य शब्दांत, योग्य कलमांसह अर्ज केला तर त्याला मंजूर करावाच लागेल, अशी माझी त्या काळची श्रद्धा होती. तिला श्रद्धा म्हणावे किंवा नाही, हे आता माझे मलाच ठरवता येत नाही.

मी सुरत येथे कचेरीच्या आवारात अर्ज लिहिण्याचे काम करतो. शिक्षण आठवीपर्यंतच झाले. परंतु गुजराती, हिंदी व मराठी या तिन्ही भाषांतील माझा मसुदा वाचून पदवीधर कारकूनही मान हलवतात, ही गोष्ट नम्रपणे नमूद करतो. धुळे जिल्ह्यातील आमच्या गावातून मला येथे आणले ते थोरल्या बंधूंनी. त्यांना आम्ही सर्व नाना म्हणतो. नानांनी आयुष्यभर कापडाच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, उभे राहून काम केले, म्हणून मला खुर्चीवर बसून काम करता आले. वहिनी गेल्यापासून ते सुरतेच्या गोडादरा भागात आमच्याच घरी राहतात. गेल्या काही वर्षांत त्यांची स्मृती हळूहळू विरत चालली आहे. गुजराती गेली, हिंदी गेली; आता केवळ अहिराणी उरली आहे, जी मी बाहेर तर सोडाच, घरातही बोलणे बंद केले होते.

नानांना एकच नाद होता. सुट्टीच्या दिवशी ते या मुलखातील जुनी ठिकाणे पाहत फिरत. बारडोलीचा सत्याग्रहाच्या काळातील आश्रम, तापीकाठची शिवालये, व्याऱ्याचा किल्ला आणि सर्वांत लाडका सोनगड. गावाकडून कोणी पाहुणे आले की त्यांना ताप्ती लाईनच्या रेल्वेगाडीत बसवून ते दाखवावयास नेत. चार बुकेही न शिकलेला हा माणूस गायकवाडांचा इतिहास असा सांगे, की ऐकणाऱ्याने पाणी पिणे विसरावे. मला मात्र त्या गोष्टीचा कंटाळा होता. पडक्या भिंती पाहून कोणाचे काय भले झाले, असे मी त्यांना अनेकदा ऐकवले. ते रागावत नसत. "एक दिन तुले सोनगड दखाडसू, भाऊ," एवढेच म्हणत.

त्या सकाळी अंथरूण रिकामे आढळले. पत्नीने घरभर नजर फिरवली व म्हणाली, "पाव्हनासले फिराले लई जातस ती पिशवी नही शे. नाना कोठे तरी किल्ला देखाले गयात." मी तिचे म्हणणे फारसे मनावर घेतले नाही. प्रथम शिस्तशीर अर्ज तयार केला. त्यात वंशावळ, मूळ गाव, हल्लीचा पत्ता, अंगकाठी, स्वभाव, सर्व परिच्छेदवार लिहिले. तीन पाने झाली. चौकीतील जमादाराने पाने उलटून पाहिली आणि म्हणाला, "काका, आ बधुं वांचवा कोण बेसे? फोटो लाव्या छो?" एवढे वाचणार कोण आणि फोटो कोठे, हा त्याचा प्रश्न होता; फोटो मी नेला नव्हता. तीन पानांत नानांचा चेहरा कोठेही नव्हता, हे मला तेथे उभे असताना समजले. निरोप मिळताच पत्नी फोटो घेऊन धावत आली, तेव्हा तक्रार नोंदवली गेली.

पत्नीचे म्हणणे आठवून दुपारी मी प्रथम सर्वांत जवळच्या बारडोलीला गेलो. उसाने भरलेल्या ट्रॅक्टरांच्या मागून बस हळूहळू चालली होती. आश्रमात झाडांची गार सावली होती, भिंतींवर जुनी छायाचित्रे होती. तेथील झाडलोट करणाऱ्या बाईने फोटो ओळखला. दरवर्षी येतात, पाहुण्यांना प्रत्येक छायाचित्रापुढे उभे करतात, म्हणाली. परंतु आज आलेले नाहीत. ज्या जागी माझे बंधू इतक्या वेळा येऊन गेले, ती मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो, आणि तीही त्यांच्याशिवाय. तेथून तापीकाठच्या एका जुन्या शिवालयात गेलो. तेथे बसून मी महादेवास अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, चार मुद्दे आणि शेवटी 'कळावे, ही विनंती'. तो कागद घडी करून मी पिंडीजवळ ठेवला. पुजारी मराठी होते; ते अभिषेक करीत होते. त्यांनी कागदाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "अहो, भिजेल ना तो! अक्षरं जातील सगळी. उचला." मी उचलेपर्यंत अक्षरे गेलीच होती.

संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी परतलो. पत्नीने जेवणाचे ताट पुढे सरकवले आणि म्हणाली, "आखा गावना अर्ज लिखतस तुम्ही. आते देवले सादा दोन शबद सांगा ना." मला साधे दोन शब्द सुचत नव्हते, ही गोष्ट तिला सांगण्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळीही चौकीतून काही कळले नाही, तेव्हा मी व्याऱ्याला गेलो. गावातील किल्ल्याच्या जुन्या भिंतीभोवती फिरलो, फोटो दाखवला, कोणाला काही ठाऊक नव्हते. पाय थकले होते. सोनगडापर्यंत ते एकटे जाणे शक्य नाही, परत फिरावे, आता पोलीस पाहतील काय ते, असे मनाशी ठरवून मी स्टेशनाच्या वाटेवर एका टपरीवर चहा घ्यावयास थांबलो. टपरीवाला आमच्याकडचाच, नंदुरबारचा निघाला. फोटो पाहताच तो हसला. "हे काका? काल सकाळीच चहा पिऊन गेले ना! दरसाली पाव्हणे घेऊन येतात, औंदा एकटेच. म्हटलं, काका, मंडळी कुठंय तुमची? तर म्हणे, मन्हा भाऊ सोनगडले ई राह्यना."

भाऊ सोनगडाला येतो आहे, हे ऐकले आणि मी चहा तसाच खाली ठेवला. येथे मला एक गोष्ट कबूल करावयाची आहे, जी मी त्या दिवसापर्यंत कोणालाही सांगितली नव्हती. साधारण पंधरा दिवसांपूर्वी मी घरी एक तातडीचा अर्ज लिहीत होतो. नाना जवळ येऊन सोनगडाची गोष्ट काढीत होते. एकदा, दोनदा, तीनदा. मी मान वर न करता म्हणालो, "नाना, तुम्ही पुढे व्हा, मी मागून येतो." हे वाक्य आमच्या धंद्यातील आहे. काम लिहून झाले तरी पक्षकार टेबलापासून हलत नाही. साहेबांपुढे आपणही सोबत या, असा धोशा लावतो. अशा वेळी त्याला म्हणावयाचे, तुम्ही पुढे व्हा, मी मागून येतो. तो बिचारा उठतो, साहेबाच्या दारात जाऊन उभा राहतो आणि आपण दुसरा अर्ज हाती घेतो. मागून कोणी जात नाही. इतक्या वर्षांत किती माणसे माझ्या भरवशावर अशी दारात उभी राहिली असतील, याचा विचार मी कधी केला नव्हता. सर्व काही विसरून गेलेल्या माझ्या बंधूंनी हे एकच वाक्य मात्र जपून ठेवले होते, आणि ते पुढे झाले होते.

सोनगडापर्यंतच्या प्रवासात मी एक अक्षरही लिहिले नाही. खिशाला पेन होता, पिशवीत कोरे कागद होते. खिडकीतून डोंगर जवळ येताना दिसत होता आणि मला एवढेच वाटत होते, की रात्रभर तेथे काय झाले असेल. त्या वाटण्याचा मसुदा करता येत नव्हता.

गडाच्या पायथ्याशी एक गामित आदिवासी बाई नारळ आणि उदबत्त्या विकत बसल्या होत्या. मी फोटो पुढे करण्याआधीच त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहून विचारले, "तमे भाई?" मी मान हलवली. त्या उठून उभ्या राहिल्या व वर बोट दाखवून म्हणाल्या, "जाओ, उपर बेठा छे. सवारना वाट जुए छे." सकाळपासून नाना वर वाट पाहत होते.

आदल्या दिवशी सूर्य कलला तरी नाना गडावरून उतरावयास तयार नव्हते, असे त्यांनी सांगितले. येणारे-जाणारे समजावून थकले. शेवटी या बाई दुकान तसेच टाकून वर गेल्या आणि म्हणाल्या, "काका, तमारो भाई सवारे आवशे. चालो, रोटलो खाई लो." तेव्हा ते उठले. रात्री त्यांच्याच झोपडीत नागलीचा रोटला व उडदाची डाळ खाऊन झोपले, आणि उजाडताच पुन्हा वर जाऊन बसले. मी हात जोडून विचारले, की मी येणार हे आपणांस कोणी सांगितले? बाई आश्चर्याने माझ्याकडे पाहू लागल्या. "मने शुं खबर? पण जेने भाई होय, ए आवे ज ने!"

ज्याला भाऊ आहे, त्याचा भाऊ येणारच. एवढा साधा हिशेब त्यांचा होता. त्यांनी तो एका अनोळखी माणसाच्या बाबतीत माझ्या वतीने मांडला, आणि तो खरा ठरला. याला कोणी योगायोग म्हणावे, कोणी आणखी काही म्हणावे. मी घडले तसे लिहिले आहे.

मी गड चढू लागलो. वर पोहोचलो तेव्हा वारा सुटला होता, दूर उकाई धरणाचे पाणी चमकत होते आणि तटाच्या कडेला, दगडावर, नाना मांडी घालून बसले होते. मला पाहताच त्यांचा चेहरा उजळला. "या पाव्हना, या! दम लागना का? बठा, बठा."

मी म्हणालो, "नाना, मी आपला धाकटा बंधू. आपणांस न्यावयास आलो आहे."

ते किंचित सावरून बसले. "साहेब शेतस का तुम्ही? बठा साहेब."

माझी ती घडीव भाषा ऐकून सख्ख्या भावाने मला अधिकारी समजावे! मी त्यांच्याजवळ दगडावर बसलो. मी आलो आहे, एवढेच सांगावयाचे होते. ते इतक्या वर्षांनी अहिराणीत सांगितले. "नाना, मी शे. मी उनू."

त्यांनी माझ्याकडे प्रेमाने पाहिले. परंतु ओळख पटली नाही. "हा, हा, बठा," ते म्हणाले. "मन्हा भाऊ ई राह्यना. तंवर तुम्हले गड दखाडस."

आणि त्यांनी मला गड दाखवला. कालचा दिवस त्यांना आठवत नव्हता, परंतु दरवाजा कोठे होता, पाणी कोठे साठवीत, तटावरून कोणत्या वाटेवर नजर ठेवीत, हे सर्व ते अडखळल्याविना सांगत होते. एका ठिकाणी दगड सुटा होता, तेथे त्यांनी माझा हात धरला. "सांभाळ्या, पाव्हना." मी हात धरू दिला. त्यांच्या मागे मागे चालताना मला जाणवले, की आयुष्यात प्रथमच मी कोणाला काही समजावून सांगत नाही, दुरुस्त करीत नाही, केवळ दाखवतात ते पाहतो आहे. वर देवीचे ठाणे आहे. तेथे नानांनी डोके टेकले, मीही टेकले. मागणे काय मागावे? भाऊ सापडला होता, आणि त्याचा भाऊ अजून सापडला नव्हता. हे कोणत्या कलमात बसते? डोळे भरून आले, तेवढेच देवीपुढे ठेवले.

एकच काळजी उरली होती. भावाची वाट पाहणारा हा माणूस खाली कसा उतरणार? मी विनवणी केली नाही, युक्तीही केली नाही. पायरीवर त्यांच्याशेजारी बसून राहिलो. उन्हे कलू लागली तेव्हा तेच उठले, धोतर झटकले आणि म्हणाले, "चला पाव्हना, घर चला. गोडादराले मन्हं घर शे. दोन घास खाईसन जा. भाऊ घर ई लागना व्हई."

असे मला माझ्या बंधूंनी माझ्याच घरी नेले.

पायथ्याशी त्या बाईंचे पाय धरावयास वाकलो, तर त्या मागे सरल्या. मी म्हणालो, आपले कसलेही सरकारी काम असो, आयुष्यभर आपले अर्ज मी लिहून देईन. त्या खळखळून हसल्या. "मारे शेनी अरजी? माताजीने तो रोज मळुं छुं!" जी मातेला रोज भेटते, तिला अर्ज कशाला हवा?

घरी पोहोचताच नानांनी मला खाटेवर बसवले व आत हाक मारली, "पाव्हना उनात, च्या ठेव वं." पत्नी धावत बाहेर आली. नानांना सुखरूप पाहून तिने पदर तोंडाला लावला. मग तिने माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली, आणि ती समजली. तिने पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे धरला. "घ्या पाव्हना," ती म्हणाली. रडता रडता तिला हसू येत होते.

नानांनी तिला जवळ बोलावले आणि हळूच विचारले, "भाऊ उना का?"

"उना ना, नाना," ती म्हणाली. "कव्हयना उना."

भाऊ केव्हाच आला, हे ऐकून नानांनी समाधानाने मान डोलावली, पाय पसरले आणि क्षणात झोपी गेले.

त्यांचा आजार बरा होणारा नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. एखाद्या दिवशी ते मला ओळखतात. बहुतेक दिवशी मी पाहुणाच असतो. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघे निघतो. कधी व्यारा, कधी तापीकाठ. पूर्वी कोणी ओळखले नाही तर मला अपमान वाटे. आता वाटत नाही. त्या गामित बाईंचे, टपरीवाल्या बांधवाचे आणि जिने मला हातात कागद नसताना वर बोलावले त्या देवीचे माझ्यावर जे उपकार आहेत, ते कोणत्याही भाषेत नीट मांडता येत नाहीत, यात मी माझ्या धंद्याचा कमीपणा मानत नाही. पाहुण्याने घरधन्याला काही शिकवावयाचे नसते. दाखवील ते पाहावे, वाढील ते खावे, आणि तो म्हणेल तेव्हा उठावे. देवाच्या दारीही मी हल्ली एवढेच करतो.